लग्न पाहणारे आणि राजा मानणारे

राजघराण्यातील विवाह, त्यांविषयीचे लोकमत आणि राजेशाहीची उपयुक्तता या विषयावर आलेल्या पत्रांपैकी सात पत्रांना या अंकात उत्तरे देत आहोत. बहुतेक पत्रे ब्रिटनविषयी असल्याने उत्तरांचा भरही तिकडेच आहे. जागेअभावी पत्रे संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : १९८१ साली चार्ल्स आणि डायना यांच्या विवाहाची छायाचित्रे मी वर्तमानपत्रांतून कापून ठेवली होती. विल्यम आणि केट यांचा विवाह आम्ही घरातल्या सर्वांनी मिळून दूरचित्रवाणीवर पाहिला. जगभरातले कोट्यवधी लोक इतक्या कौतुकाने हे सोहळे पाहतात, याचा अर्थ ब्रिटिश जनतेला राजेशाही मनापासून हवी आहे असाच घ्यायचा ना?
– एक निवृत्त शिक्षिका, नाशिक

उत्तर : तसा अर्थ काढण्याचा मोह होतो, पण तो आवरलेला बरा. २९ जुलै १९८१ रोजी सेंट पॉल्स कॅथीड्रलमध्ये झालेला तो विवाह जगभरातील ७५ कोटी लोकांनी पाहिला, असा अंदाज नेहमी दिला जातो. त्यांतील बहुसंख्य लोकांचा ब्रिटनच्या राज्यव्यवस्थेशी काडीचाही संबंध नव्हता, आणि कात्रणे कापून ठेवणाऱ्या आपणही त्यांतल्याच एक होतात. खुद्द ब्रिटनपुरते बोलायचे, तर २९ एप्रिल २०११ रोजी, विल्यम आणि केट यांच्या विवाहाच्या दिवशी, सरकारने खास सुट्टी दिलेली असताना, २ कोटी ४० लाखांहून अधिक लोक दूरचित्रवाणीसमोर बसले होते. १९ मे २०१८ रोजी विंडसर येथे हॅरी आणि मेगन यांचा विवाह झाला, तेव्हा हीच संख्या १ कोटी ८० लाखांच्या घरात होती. देशाची लोकसंख्या त्या वेळी सुमारे ६ कोटी ६० लाख होती, म्हणजे पाहणारे चौथ्या हिश्श्याहून थोडेसेच अधिक झाले. त्या लग्नाच्या तोंडावर ‘रिपब्लिक’ या राजेशाहीविरोधी संघटनेने यूगव्ह या संस्थेकडून जी चाचणी करवून घेतली, तीत सुमारे दोन तृतीयांश लोकांनी आपल्याला या विवाहात रस नसल्याचे सांगितले होते. ही चाचणी विरोधकांनी करवली म्हणून ती बाजूला सारण्याचे कारण नाही, कारण दोन्ही आकडे एकमेकांशी नीट जुळतात. मथळे मात्र पाहणाऱ्यांचेच छापले गेले. घरात बसून कपडे वाळत घालणाऱ्यांचे छायाचित्र कोणते वर्तमानपत्र पहिल्या पानावर घेणार?

लोकमत जाणून घ्यायचे असेल, तर ज्या दिवशी कोणाचे लग्न नसते आणि कोणाची भानगडही चव्हाट्यावर आलेली नसते, अशा दिवसांचे आकडे पाहिले पाहिजेत. इप्सॉस ही संस्था १९९३ पासून ‘राजेशाही हवी की प्रजासत्ताक’ हा साधा प्रश्न ब्रिटिश नागरिकांना विचारत आली आहे. पुढची जवळजवळ वीस वर्षे प्रजासत्ताकाच्या बाजूने उत्तर देणारे पाचात एकाच्या आसपासच राहिले. याच काळात चार्ल्स आणि डायना यांचा घटस्फोट झाला, डायना यांचा पॅरिसमध्ये अपघाती मृत्यू झाला, राणीच्या राज्यारोहणाचा सुवर्णमहोत्सव झाला, चार्ल्स यांचा दुसरा विवाह झाला आणि विल्यम यांचा पहिला. यांतल्या कशानेही तो आकडा फारसा हलला नाही.

दुसरे सर्वेक्षण ब्रिटिश सोशल अ‍ॅटिट्यूड्स या नावाने ओळखले जाते, आणि ते अधिक बोलके आहे. ‘देशात राजेशाही टिकणे महत्त्वाचे आहे का’ या प्रश्नाला १९८३ साली ८६ टक्के लोकांनी होकार दिला होता. २०२३ साली होकार देणारे ५४ टक्के उरले. मधल्या काळात २०११–१२ च्या सुमारास, म्हणजे विवाह आणि हीरकमहोत्सव लागोपाठ आले तेव्हा, हा आलेख थोडा वर गेला आणि पुन्हा उतरू लागला. माझ्या मते या दोन सर्वेक्षणांतून मिळून जे दिसते ते असे की, ब्रिटनमध्ये राजेशाहीचा विरोध काहीसा वाढला असला, तरी तिच्याविषयीची बेफिकिरी त्याहून कितीतरी अधिक वाढली आहे. साठी ओलांडलेल्यांत तिचा पाठिंबा आजही भक्कम आहे. अठरा ते चोवीस या वयोगटात मात्र तो निम्म्याच्याही खाली आलेला अनेक चाचण्यांत दिसतो. बेफिकीर माणूस लग्न आवडीने पाहतो, सुट्टी उपभोगतो आणि दुसऱ्या दिवशी विसरून जातो. त्याला समर्थकांत मोजणे ही दूरचित्रवाणीवरील निवेदकांची जुनी सवय आहे.

प्रश्न : हे विवाहसोहळे शतकानुशतके असेच जनतेसमोर होत आले आहेत का?
– इतिहासाचा एक विद्यार्थी, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : नाही, आणि ही गोष्ट खुद्द ब्रिटिशांनाही फारशी माहीत नसते. राणी व्हिक्टोरिया यांचा विवाह १० फेब्रुवारी १८४० रोजी सेंट जेम्स राजवाड्याला लागून असलेल्या लहानशा प्रार्थनामंदिरात झाला. लोकांना रस्त्यावरून जाणाऱ्या घोडागाड्या तेवढ्या दिसल्या. विधी मोजक्या निमंत्रितांसमोरच पार पडला. त्याआधीच्या पिढ्यांत तर राजघराण्यातील लग्ने बहुधा संध्याकाळी किंवा रात्री, राजवाड्याच्या आतल्या आत उरकली जात.

चित्र पालटले ते पहिल्या महायुद्धाने. रशिया, जर्मनी आणि ऑस्ट्रिया येथील सिंहासने दोन वर्षांच्या आत कोसळली. मुंबईच्या गेटवे ऑफ इंडियावर ज्यांच्या १९११ मधील आगमनाचा लेख कोरलेला आहे, त्या पंचम जॉर्ज यांनी १९१७ साली घराण्याचे जर्मन नाव टाकून ‘विंडसर’ हे नाव घेतले. त्याच वर्षी त्यांनी आपल्या मुलांना ब्रिटिश कुटुंबांत सोयरीक करण्याची मोकळीक दिली. तोवर या घराण्याच्या सोयरिकी प्रामुख्याने जर्मन संस्थानिकांशी होत. मग १९२२ साली राजकन्या मेरी यांचा आणि १९२३ साली त्यांचे बंधू, पुढे सहावे जॉर्ज झालेले ड्यूक ऑफ यॉर्क, यांचा विवाह वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीमध्ये थाटाने लावण्यात आला. नव्यानेच स्थापन झालेल्या बीबीसीला १९२३ चा विवाह ध्वनिक्षेपित करायचा होता, पण चर्चने परवानगी नाकारली. लोक दारूच्या गुत्त्यात डोक्यावरची टोपीही न काढता पवित्र विधी ऐकतील, अशी धास्ती त्यामागे होती असे सांगतात. दूरचित्रवाणीवर दाखवला गेलेला ब्रिटिश राजघराण्यातील पहिला विवाह राजकन्या मार्गारेट यांचा, ६ मे १९६० रोजीचा. आपण ज्याला अनादि परंपरा समजतो, ती अशी शंभर वर्षांपूर्वी, सिंहासने डळमळत असताना, लोकमत आपल्या बाजूला राहावे म्हणून जाणीवपूर्वक घडवलेली आहे.

प्रश्न : या लग्नांचा आणि एकूणच राजघराण्याचा खर्च कोण करते? पर्यटनातून तो भरून निघतो हा दावा मला पटत नाही.
– एक सनदी लेखापाल, डोंबिवली

उत्तर : आपला संशय रास्त आहे, पण विरोधकांचा हिशेबही तितक्याच बारकाईने तपासावा लागेल. लग्नापुरते पाहिले, तर चर्चमधील विधी, संगीत, फुले आणि मेजवानी यांचा खर्च कुटुंब स्वतः करते, असे २०११ आणि २०१८ या दोन्ही वेळी जाहीर करण्यात आले होते. बंदोबस्ताचा खर्च मात्र सरकारी तिजोरीतून होतो, तो याहून कितीतरी मोठा असतो, आणि सुरक्षेचे कारण देऊन त्याचा तपशील बाहेर येऊ दिला जात नाही. वर्तमानपत्रांत जे प्रचंड आकडे फिरतात ते बहुतेक अंदाज असतात.

वर्षभराच्या खर्चाची व्यवस्था २०११ च्या कायद्याने बदलली. ‘क्राउन इस्टेट’ नावाची एक मोठी मालमत्ता आहे. लंडनच्या रीजंट स्ट्रीटवरील इमारतींपासून इंग्लंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडच्या किनाऱ्यालगतच्या समुद्रतळापर्यंत बरेच काही तीत मोडते. तिचा नफा १७६० साली तिसऱ्या जॉर्ज यांनी सरकारच्या हवाली केला आणि त्या बदल्यात ठरावीक नेमणूक घेतली. आता या नफ्याच्या प्रमाणात राजाला वार्षिक अनुदान मिळते. आधी हे प्रमाण १५ टक्के होते. बकिंगहॅम राजवाड्याच्या ३६ कोटी ९० लाख पौंडांच्या दुरुस्तीसाठी ते २५ टक्के करण्यात आले, आणि समुद्रातील पवनचक्क्यांच्या भाडेपट्ट्यांमुळे नफा भरमसाट वाढल्यावर १२ टक्क्यांवर आणले गेले. तरीसुद्धा २०२५–२६ चे अनुदान १३ कोटी २१ लाख पौंडांवर पोहोचले, जे आधीच्या वर्षी ८ कोटी ६३ लाख होते. लँकेस्टर आणि कॉर्नवॉल या दोन जहागिरींचे उत्पन्न यात धरलेले नाही. राणी एलिझाबेथ यांनी १९९३ पासून स्वखुशीने प्राप्तिकर भरण्यास सुरुवात केली, पण एका राजाकडून दुसऱ्या राजाकडे जाणाऱ्या वारशावर आजही कर बसत नाही.

‘क्राउन इस्टेट मुळात राजाचीच, म्हणजे तोच सरकारला पोसतो’, असा युक्तिवाद समर्थक करतात. तो लेखापालाला पटू नये. ही मालमत्ता राजपदाला जोडलेली आहे, व्यक्तीला नाही. राजा ती विकू शकत नाही, आणि उद्या राजपद गेले तर ती बिऱ्हाडासोबत जाणार नाही. पर्यटनाचा मुद्दा त्याहून लंगडा आहे. फ्रान्समधील व्हर्सायच्या राजवाड्यात राजा नाही म्हणून तिथली रांग कमी झालेली नाही, आणि लंडनच्या ‘टॉवर’ या जुन्या किल्ल्यामध्ये कोणताही राजा राहत नसताना लोक तिकीट काढून तो पाहायला जातातच. उलट २०११ च्या लग्नाची सुट्टी ईस्टरला जोडून आल्यामुळे अनेकांनी तीन दिवसांची रजा टाकून सलग अकरा दिवस कामाला दांडी मारली, आणि त्या तिमाहीतील मंद वाढीच्या कारणांत ब्रिटनच्या सांख्यिकी कार्यालयाने या जादा सुट्टीचाही उल्लेख केला.

असे असले तरी, १३ कोटी पौंड ही रक्कम माणशी दोन पौंडांहूनही कमी भरते. सुरक्षेचा खर्च मिळवला तरी हा पैसा ब्रिटिश अर्थसंकल्पात शोधावा लागतो. निवडून आलेल्या राष्ट्राध्यक्षालाही निवासस्थान, कर्मचारी आणि अंगरक्षक लागतातच. म्हणून राजेशाही राखावी की मोडावी, हा वाद पैशावर नेणाऱ्या दोन्ही पक्षांनी स्वतःची बाजू दुबळी करून घेतली आहे, असे मला वाटते.

प्रश्न : केवळ जन्मामुळे राष्ट्रप्रमुखपद मिळणे समतेच्या तत्त्वात बसत नाही. मग लोकशाही असलेल्या देशात राजेशाहीचे मूल्य नेमके कशात आहे? आणि जनतेचे सार्वमत का घेतले जात नाही?
– विधी महाविद्यालयातील एक विद्यार्थी, पुणे

उत्तर : आपल्या पहिल्या वाक्याला समतेच्या पातळीवर उत्तर नाही, आणि प्रामाणिक समर्थक ते देण्याचा प्रयत्नही करत नाहीत. त्यांचे म्हणणे वेगळ्या जातीचे असते. राष्ट्रप्रमुखाचा मान एकाकडे आणि सत्ता दुसऱ्याकडे असली की सत्ताधाऱ्याला मान तुकवण्यासाठी कोणीतरी उरते. आणि मानाचे पद कोणत्याही पक्षाने जिंकलेले नसेल, तर हरलेल्या पक्षाच्या मतदारालाही ते आपले वाटू शकते. या म्हणण्यात तथ्य आहे. अडचण एवढीच की, हीच विभागणी जर्मनी, आयर्लंड आणि आपला भारतही राजाशिवाय करून दाखवतो.

राजा घटनेचा राखणदार असतो, हा दावा मात्र अनुभवावर टिकत नाही. २०१९ साली पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांनी संसद तहकूब करण्याचा सल्ला दिला, तेव्हा राणीने तो प्रथेप्रमाणे मान्य केला. तो बेकायदा होता, हा निर्णय २४ सप्टेंबर २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या अकरा न्यायाधीशांनी एकमताने दिला. राखण न्यायालयाने केली. स्वीडनने तर १९७४ च्या राज्यघटनेने पंतप्रधान नेमण्याच्या प्रक्रियेतूनच राजाला वगळून ते काम संसदेच्या सभापतींकडे दिले, आणि त्यामुळे तेथील राजेशाही अधिक वादग्रस्त झाली नाही. उलट वादाचे एक कारण कमी झाले.

आपल्या प्रश्नाचा विवाहांशी जो धागा आहे, तो मला यापेक्षा महत्त्वाचा वाटतो. वंशपरंपरेच्या पदात लग्न ही खासगी बाब राहू शकत नाही, कारण पुढचा राष्ट्रप्रमुख त्यातूनच यायचा असतो. म्हणूनच १७७२ च्या कायद्याने राजाच्या संमतीशिवाय घराण्यातील व्यक्तींना विवाह करता येत नसे. २०१३ च्या कायद्याने ही अट वारसाक्रमातील पहिल्या सहा जणांपुरती ठेवली, मुलाला मुलीच्या आधी हक्क देणारा नियम रद्द केला आणि कॅथलिक जोडीदार निवडणाऱ्याला वारसाक्रमातून वगळणेही थांबवले. जनतेला राजा निवडता येत नाही, पण सून पसंत किंवा नापसंत करता येते, आणि हा अधिकार ती कायद्यात नसताना बजावते. आठव्या एडवर्ड यांना दोनदा घटस्फोट झालेल्या वॉलिस सिम्पसन यांच्याशी लग्न करायचे होते, म्हणून डिसेंबर १९३६ मध्ये राजपद सोडावे लागले. याच्या उलट उदाहरण चार्ल्स यांच्या दुसऱ्या पत्नी कॅमिला यांचे आहे. डायना यांच्या मृत्यूनंतर त्यांच्याविषयी इतका रोष होता की, २००५ साली विवाह जाहीर करताना, चार्ल्स राजे झाले तरी त्या ‘राणी’ हे पद लावणार नाहीत, असे सांगावे लागले. राजवाड्याने पुढची सतरा वर्षे घाई केली नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये एलिझाबेथ यांनी कॅमिला राणी म्हणूनच ओळखल्या जाव्यात अशी इच्छा व्यक्त केली, आणि ६ मे २०२३ रोजी त्यांचा राज्याभिषेक झाला तेव्हा जुना रोष विझलेला होता. मताची धार बोथट होईपर्यंत थांबणे, हे कसब इतर कोणत्याही पदाला परवडत नाही, कारण इतर पदांना मुदत असते.

सार्वमताविषयी थोडक्यात सांगतो. ब्रिटनमधील कोणत्याही मोठ्या पक्षाला ते घेण्यात लाभ दिसत नाही, कारण चाचण्यांत राजेशाहीचे बहुमत अजून स्पष्ट आहे. इतरत्र सार्वमते झालेली आहेत. नॉर्वेने १९०५ साली स्वीडनपासून वेगळे झाल्यावर मोठ्या बहुमताने राजा बोलावून घेतला. इटलीने १९४६ साली आणि ग्रीसने १९७४ साली राजाला निरोप दिला. ऑस्ट्रेलियात १९९९ साली प्रजासत्ताकाचा प्रस्ताव सुमारे ५५ टक्के विरोधी मतांनी पडला, आणि पाडणाऱ्यांत काही कट्टर प्रजासत्ताकवादीही होते. राष्ट्राध्यक्ष संसदेने निवडावा हे त्यांना मान्य नव्हते. बार्बाडोसने यावरून बोध घेतला की काय न कळे, पण २०२१ साली सार्वमताच्या वाटेला न जाता संसदेतच ठराव करून तो देश प्रजासत्ताक झाला.

प्रश्न : आमच्या भागातील अनेक कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या मुंबईत डबे पोहोचवतात. चार्ल्स यांच्या लग्नाला डबेवाले गेले तेव्हा आम्हांला अभिमान वाटला होता, पण माझा मुलगा म्हणतो की ही गुलामीची मानसिकता आहे. आपले मत काय?
– एक शेतकरी वाचक, राजगुरुनगर

उत्तर : आपला अभिमान योग्य होता, असे माझे मत आहे. नोव्हेंबर २००३ मध्ये मुंबईभेटीवर असताना चार्ल्स यांनी चर्चगेट स्थानकाबाहेर डबेवाल्यांचे काम पाहिले. डबे वेळेवर पोहोचले पाहिजेत म्हणून भेटीची वेळ डबेवाल्यांच्या सोयीने ठरली होती, ही गोष्ट मुलाला अवश्य सांगावी. ९ एप्रिल २००५ च्या विवाहाला रघुनाथ मेदगे आणि सोपान मरे या दोघांना निमंत्रण मिळाले. मूळ तारीख एक दिवस आधीची होती, पण पोप दुसरे जॉन पॉल यांच्या अंत्यविधीमुळे ती पुढे गेली. नोंदणी विवाह विंडसर किल्ल्यात करायचा बेत होता. मात्र किल्ल्याला विवाहस्थळाचा परवाना घेतल्यास पुढची तीन वर्षे तिथे कोणाही जोडप्याला लग्न लावता आले असते, हे लक्षात आल्यावर भावी राजाला गावाच्या सभागृहात जाऊन नोंदणी करावी लागली. आपल्या डबेवाल्यांनी नवऱ्यासाठी पगडी आणि नवरीसाठी साडी दिली. लग्नघरी रिकाम्या हाताने जायचे नाही, ही आपली रीत त्यांनी सांभाळली. त्यात लाचारी कुठे आली?

याहून जुने उदाहरण मुलाच्या आक्षेपाला अधिक नेमके उत्तर देते. २० नोव्हेंबर १९४७ रोजी, भारत स्वतंत्र होऊन तीन महिने झाले असताना, एलिझाबेथ आणि फिलिप यांचा विवाह झाला. ब्रिटनमध्ये तेव्हा कापडाचे रेशनिंग चालू होते आणि नवरीलाही पोशाखासाठी जादा कुपने द्यावी लागली होती. ज्यांनी आयुष्यभर त्या साम्राज्याशी लढा दिला, त्या गांधीजींनी स्वतः कातलेल्या सुताचे विणकाम करवून घेऊन माउंटबॅटन यांच्यामार्फत पाठवले; त्यात ‘जय हिंद’ ही अक्षरे विणलेली होती. नवरीच्या आजी राणी मेरी यांना ते गांधीजींचे पंचेवजा वस्त्र वाटले आणि त्या रागावल्या, असा किस्सा प्रसिद्ध आहे. त्याच लग्नात हैदराबादच्या निजामाने हिऱ्यांचा हार आणि मुकुट दिला. मराठवाडा त्या वेळी निजामाच्याच अमलाखाली होता आणि १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत तसाच राहिला, हे लक्षात घेतले म्हणजे तो हार कोणाच्या कष्टातून आला असेल, हा प्रश्न आपल्या मुलालाही पडेल. गुलामीची मानसिकता शोधायची असेल, तर तिथे शोधावी.

आणखी एक जोडून सांगतो. हॅरी आणि मेगन यांनी २०१८ साली आहेराऐवजी ज्या सात संस्थांना देणगी देण्याचे आवाहन केले, त्यांत मुंबईच्या वस्त्यांमध्ये मासिक पाळीच्या आरोग्यावर काम करणारी मैना महिला फाउंडेशन ही परदेशातील एकमेव संस्था होती.

प्रश्न : राजघराण्यातील एखाद्या लग्नामुळे राजेशाहीचीच नाचक्की झाली, असे कधी घडले आहे का?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : घडले आहे, आणि त्याचे ठळक उदाहरण ब्रिटनचे नसून नेदरलँड्सचे आहे. १९६५ साली राजकन्या बीआट्रिक्स यांनी क्लॉस फॉन आम्सबर्ग या जर्मन मुत्सद्द्याशी विवाह ठरवला. जर्मन ताबा संपून तेव्हा वीसच वर्षे झाली होती, आणि क्लॉस कोवळ्या वयात हिटलर युथ या नाझी युवक संघटनेत व नंतर जर्मन सैन्यात होते. त्यातच विवाहासाठी ॲमस्टरडॅम निवडण्यात आले, ज्या शहरातील ज्यू वस्ती युद्धात जवळजवळ नाहीशी झाली होती. विवाहाचे चर्च अ‍ॅन फ्रँक जिथे लपून राहिली होती त्या घराच्या अगदी शेजारी आहे. १० मार्च १९६६ रोजी वरातीच्या मार्गावर तरुणांनी धुराचे बॉम्ब फोडले, पोलिसांनी लाठ्या चालवल्या, आणि शहराच्या अनेक नगरसेवकांनी सोहळ्याकडे पाठ फिरवली. राजेशाहीचा पाया हादरला असे त्या दिवशी कोणालाही वाटले असते. मात्र क्लॉस यांनी डच भाषा आत्मसात केली, विकसनशील देशांसाठीच्या कामात स्वतःला गुंतवले आणि आपल्या मनाचे आजारपणही लोकांपासून लपवले नाही; २००२ साली ते वारले तेव्हा त्या घराण्यातील सर्वाधिक प्रिय व्यक्तींत त्यांची गणना होत होती.

त्याच वर्षी त्यांच्या मुलाचे, विलेम अलेक्झांडर यांचे, अर्जेंटिनाच्या मॅक्सिमा यांच्याशी लग्न झाले. वधूचे वडील तेथील लष्करी राजवटीत मंत्री होते. डच राज्यघटनेनुसार वारसाच्या विवाहाला संसदेची संमती लागते. ती मिळाली, पण वधूपित्याने लग्नाला यायचे नाही असे ठरले आणि ते आले नाहीत. धाकटे बंधू फ्रिसो यांनी २००४ साली संसदेच्या संमतीविना लग्न केले आणि वारसाहक्क गमावला. लोकमताला निदान संसदेच्या दारातून आत येता यावे, ही डच पद्धत मला ब्रिटिश पद्धतीपेक्षा सरळ वाटते.

जपानचे उदाहरण अलीकडचे आणि अधिक क्लेशकारक आहे. राजकन्या माको यांनी महाविद्यालयातील सहाध्यायी केई कोमुरो यांच्याशी विवाह ठरवला, आणि वराच्या आईच्या एका आर्थिक वादाचे निमित्त होऊन नियतकालिकांनी चार वर्षे दोघांना भंडावून सोडले. २६ ऑक्टोबर २०२१ रोजी त्यांनी कोणताही समारंभ न करता केवळ नोंदणी केली आणि घराण्यातून बाहेर पडणाऱ्या स्त्रीला मिळणारी मोठी रक्कमही नाकारली. जपानच्या कायद्यानुसार सामान्य नागरिकाशी लग्न करणाऱ्या राजकन्येला घराणे सोडावेच लागते. तेथे लग्न हा घराणे लहान होण्याचा मार्ग ठरला आहे, आणि वारसाहक्क फक्त पुरुषांना असल्याने पुढच्या पिढीत एकच राजपुत्र उरला आहे.

प्रश्न : मी तीस वर्षे ब्रिटनमध्ये आहे. नागरिकत्व घेताना राजाशी एकनिष्ठ राहण्याची शपथ घ्यावी लागते. माझी मुलगी प्रजासत्ताकवादी आहे आणि तिची एक मैत्रीण सध्या याच टप्प्यावर अडली आहे. मनात एक आणि तोंडात दुसरे, असे होत नाही का?
– एक मराठी वाचक, स्लाव

उत्तर : ही अडचण बऱ्याच जणांना जाणवते, निवडून आलेल्या खासदारांनाही. त्यांनाही अशीच शपथ घ्यावी लागते. काही खासदार नापसंती बोलून दाखवून ती घेतात, तर उत्तर आयर्लंडमधील शिन फेन या पक्षाचे खासदार ती घेत नाहीत आणि त्यामुळे निवडून येऊनही सभागृहात बसत नाहीत. नागरिकत्वाच्या समारंभात देवाच्या नावाने शपथ घेण्याऐवजी गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा करण्याची मुभा आहे. राजाचा उल्लेख मात्र दोन्हींत असतो, तो वगळता येत नाही.

कायद्याच्या दृष्टीने या प्रतिज्ञेचा आणि प्रजासत्ताकवादी मताचा विरोध मानला जात नाही. राजेशाही नष्ट करण्याचा लेखी पुरस्कार हा गुन्हा ठरवणारा १८४८ चा कायदा कागदावर शिल्लक होता. त्याला एका वृत्तपत्राने आव्हान दिले, तेव्हा २००३ साली ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायपीठाने, शांततेने मत मांडणाऱ्यावर असा खटला भरला जाण्याची शक्यताच उरलेली नाही, असा अभिप्राय दिला. व्यवहारात मात्र कधीकधी अतिउत्साह दिसतो. राज्याभिषेकाच्या दिवशी ‘रिपब्लिक’चे प्रमुख ग्रॅहम स्मिथ यांना निदर्शने सुरू होण्याआधीच अटक करून सुमारे सोळा तास कोठडीत ठेवण्यात आले, नंतर कोणताही आरोप ठेवला गेला नाही आणि पोलिसांनी खेद व्यक्त केला. त्या घटनेनंतर संघटनेचे सभासद वाढले.

मुलीच्या मैत्रिणीला प्रतिज्ञेचा मजकूर शेवटपर्यंत वाचायला सांगावे. तीत राजा आणि त्यांचे वारस यांच्याशी निष्ठा ‘कायद्यानुसार’ राखण्याचे वचन आहे. वारस कोण हे ठरवणारा कायदा संसदेने १७०१ साली केला आणि २०१३ साली बदलला. पुढे तो बदलावा असे तिला वाटत असेल, तर त्यासाठी मत देण्याचा अधिकार ही प्रतिज्ञा तिच्याकडून काढून घेत नाही.